शेंड्याकडून तिसरं

आत्या प्रयोगशाळेत आली की तिच्याआधी तिचा आवाज येतो. त्या दुपारीही ती जिन्यावरूनच शिपायाला विचारत होती की पायऱ्या एवढ्या उंच कोणी बांधल्या, त्याला स्वतःला गुडघे नव्हते का. वर, धुण्याच्या खोलीत प्लॅस्टिकच्या नळ्या विसळणाऱ्या तिच्या भाचीने नळ बंद केला आणि हात पुसले. आता थोडा वेळ काम होणार नव्हतं.

भाचीला घरात सगळे शेंडेफळ म्हणत. आत्याला दोन मुलगे, थोरला आणि मधला. त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी, भावाला आणि भावजयीला कामासाठी लांब जावं लागलं, तेव्हा ही रडकी, किडमिडीत पोर आत्याच्या गळ्यात पडली आणि मग तिथेच राहिली. पाहुणे आले की आत्या ओळख करून द्यायची ती ठरलेल्या क्रमाने. हा थोरला, हा मधला, आणि हे शेंडेफळ. खुर्च्या कमी पडल्या तर उभं राहायचं शेंडेफळाने. आंघोळीचं पाणी शेवटी मिळायचं तेही शेंडेफळाला, आणि तोवर ते कोमट म्हणण्याच्याही लायकीचं उरलेलं नसायचं. आता ती पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. आजूबाजूच्या केळीबागांतून येणारी पानं वाळवायची, दळायची, त्यांची राख करायची आणि झाडाला काय मिळतंय, काय कमी पडतंय ते सांगायचं, हे तिचं काम. घरातला क्रम मात्र बदलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो बदलावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आत्या स्टुलावर बसली. "काय निघालं?"

"काही कमी नाही, आत्या."

"मग झालं तर. उगाच घाबरवलं त्या साहेबाने."

"अगं, काही कमी नाही हेच तर वाईट आहे."

आत्याच्या बागेचं असं झालं होतं. झाडं पुरुषभर उंच झाली होती, आणखी काही आठवड्यांनी केळफुलं बाहेर पडली असती. अशात नवी पानं बिघडायला लागली. अरुंद, आखडलेली, कडा वेड्यावाकड्या आणि अंगावर फिकट रेघा. पिकांचा तपासनीस येऊन बघून गेला आणि त्याने मान हलवली. पर्णगुच्छाचा संशय आहे म्हणाला. या रोगाला औषध नाही. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि बघता बघता शेजारपाजारच्या बागा बसतात. म्हणून बाग मुळासकट उपटायची, दुसरा उपाय नाही. विषाणूची थेट तपासणी करणारी मोठी प्रयोगशाळा फार दूर होती आणि तिचं उत्तर येईपर्यंत शेजाऱ्यांच्या बागा टांगून ठेवायला तो तयार नव्हता. माणूस सरळ होता. त्याने एक वाट मोकळी ठेवली. झाड उपाशी असलं तरी पानं अशी दिसू शकतात, म्हणाला. पान तपासा. काही कमी निघालं तर मी थांबतो. सगळं भरलेलं निघालं तर बाग उपटायचं मशीन पाठवतो.

आणि सगळं भरलेलं निघालं होतं. नत्र ठीक, पोटॅश काठावर पण ठीक, जस्त ठीक, बोरॉन ठीक. कॅल्शियम तर एवढं की कागदावर मावेना. तपासनिसाला आकडे सकाळीच कळवावे लागले होते आणि परवा सकाळी मशीन येणार हे ठरलं होतं. ते आकडे शेंडेफळाच्या सहीने गेले होते. 

"कॅल्शियम एवढं कसं?" आत्याने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"तू चुना टाकलास ना गेल्या हंगामात."

"जमीन आंबट झालीय असं तूच म्हणालीस. मग टाकला. हात आखडता घेणं मला जमत नाही."

हे खरं होतं. आत्याने चुना टाकला होता तो भिंती रंगवल्यासारखा. म्हणून तर एवढं मोठं कॅल्शियम बघूनही शेंडेफळाला काही खटकलं नव्हतं.

  आत्याने मांडीवरची पिशवी उगाच उलटसुलट केली. "म्हणजे परवा सगळं आडवं करायचं. स्वतःच्या हाताने लावलेलं." तिचा आवाज चिरकला आणि ते लपवायला ती लगेच भांडायला लागली. "आणि त्यासाठी मी एवढी मरमर केली होय? तू फोनवर सांगितलंस तस्संच्या तस्सं केलं. प्रत्येक झाडाचं तिसरं पान, मधला भाग, वीतभर तुकडा. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला माझा."

शेंडेफळ नळ्या ताटलीत उभ्या करत होती. एक नळी हातातच राहिली.

"वाकून?"

"नाहीतर काय, झाडाला खाली बस म्हणून सांगू?"

"आत्या, तिसरं पान तुझ्या डोक्याच्या वर असतं. त्याला स्टूल लागतं."

"कुणाचं तिसरं पान? माझ्या झाडांचं तिसरं पान माझ्या गुडघ्याशी लोंबतंय. वाळायला आलंय बिचारं."

"तू पहिलं कुठलं धरलंस?"

आत्याने तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू विचारतेय की या पोरीच्या शिक्षणावर खर्च केला तो पाण्यात गेला की काय. "जे आधी आलं ते पहिलं. सगळ्यात खालचं. त्याच्यानंतर आलं ते दुसरं, मग तिसरं. घरात थोरल्याला कुणी शेवटचा म्हणतं का?"

शेंडेफळ मटकन दुसऱ्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण पोरीच्या डोक्यात सगळे आकडे भराभर जागेवर बसत होते. जुनं पान. जुन्या पानात कॅल्शियम साचत जातं, म्हणून ते एवढं; पोटॅश नव्या पानांकडे निघून जातं, म्हणून ते काठावर. तिने फोनवर नुसतं 'तिसरं पान' म्हटलं होतं. कुठून तिसरं ते सांगितलंच नव्हतं, कारण प्रयोगशाळेत तिसरं पान एकच असतं आणि ते शेंड्याकडून मोजतात. हे जगात कुणाला माहीत नसेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि आलेले तुकडे वीतभर, स्वच्छ कापलेले. त्यांच्याकडे बघून कोण ओळखणार की हे थोरल्याचे की धाकट्याचे.

"आत्या, ऊठ. आपण चुकीचं पान तपासलंय."

"चुकीचं कसं? माझ्याच बागेतलं आहे."

"ते चालताना सांगते."

आधी बाईंकडे जाणं भाग होतं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत, आणि नात्यातल्या बागेचा नमुना कर्मचाऱ्याने स्वतः आणायचा नाही हा नियम त्यांचाच होता. त्या नियमापायी तर आत्याला एकटीला पानं कापायला लागली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच आत्याने थोरल्याचा मुद्दा पुन्हा मांडला, तोही ऐकून घेतला.

"बाहेर नमुन्यांची रांग लागली आहे," बाई म्हणाल्या. "आत्याची बाग म्हणून मी कुणाला पुढे घेणार नाही."

शेंडेफळाचं तोंड उतरलं.

"पण पान चुकीचं घ्यायला लावलं ते आपल्या सांगण्याने. म्हणजे चूक आपली, आणि ती दुरुस्त करणं याला मी पुढे घेणं म्हणत नाही. नमुना आणायला मी बरोबर येते. आणि तपासताना कुठली नळी कुणाची ते तुला कळणार नाही. पटतंय?"

पटण्याचा प्रश्नच नव्हता. शेंडेफळाने तिथूनच तपासनिसाला फोन लावला. तो म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत आकडा आणा, त्यानंतर मी कुणाचं ऐकणार नाही. मशीन परवा सकाळसाठी ठरलेलंच राहील, ते रद्द करायचं की नाही हे तुमच्या आकड्यावर.

बागेत पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. आत्याने घरातलं स्टूल आणलं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, जणू तेच पळून जाणार होतं. शेंडेफळ वर चढली.

"हा मधला गुंडाळलेला पोंगा दिसतो ना, तो धरायचा नाही. तो अजून उघडलेला नाही."

"म्हणजे पाळण्यातलं मोजायचं नाही."

"अगदी. जे पूर्ण उघडलंय ते पहिलं. मग त्याच्या खालचं दुसरं. आणि हे तिसरं."

"उलटीच तुमची दुनिया," आत्या म्हणाली, पण पुढच्या झाडाखाली तिनेच आधी बोट वर करून मोजलं आणि बरोबर मोजलं. तिसऱ्या झाडापासून तर ती बाईंनाच शिकवायला लागली.

एक तुकडा कापून शेंडेफळाने तो सूर्याकडे धरला. फिकट रेघा शिरांच्या बरोबरीने धावत नव्हत्या. त्या शिरांना आडव्या कापत गेल्या होत्या. पर्णगुच्छाच्या रेघा अशा नसतात. त्या शिरांना धरून चालतात, तुटक तुटक, आणि हिरव्याकंच असतात. तपासनिसाने पानं खालून, सावलीतून बघितली होती. उजेडात कुणी धरलीच नव्हती. तिने तुकडा खाली बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि चष्मा पुसला.

"काही बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "आकडा बोलेल." पण परतीच्या वाटेवर त्या नेहमीपेक्षा भराभर चालत होत्या.

तुलनेसाठी आत्याच्या झाडांचं खालचं पान आणि पलीकडच्या निरोगी बागेतलं तिसरं पानही आणलं होतं. पानं धुतली, ओव्हनमध्ये सुकत ठेवली, सकाळी ती कुरकुरीत झाली होती. मग चक्कीतून हिरवी पूड, आणि पूड चिनी मातीच्या मुशीत घालून भट्टीत. भट्टीचं दार लागलं की करण्यासारखं काही उरत नाही. शेंडेफळाने टेबल पुसलं. मग तेच टेबल पुन्हा पुसलं. आत्या सकाळपासून येऊन बाहेरच्या बाकावर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पानं शेंड्याकडून मोजायची असतात हे बजावत होती. तिला हे आपण जन्मापासून जाणतो असं वाटायला लागलं होतं.

दुपार उलटल्यावर मुशी बाहेर आल्या. आत चिमूटभर पांढुरकी राख. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून राख आम्लात विरघळवली आणि चार प्लॅस्टिकच्या नळ्यांत भरली. काचेच्या नाहीत, कारण काचेतच बोरॉन असतं आणि ते आपलं माप बिघडवतं. नळ्यांवर नुसती अक्षरं. एका नळीत आत्याच्या बागेतलं जुनं, खालचं पान. एकीत तिच्याच बागेतलं नवं, शेंड्याकडून तिसरं. एकीत पलीकडच्या निरोगी बागेतलं तिसरं पान. आणि एक कोरी, तिच्यात पान नाहीच, नुसतं पाणी आणि आम्ल. कुठल्या अक्षरामागे काय आहे ते बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात टाकली.

"आता ये आत. रंग तू घाल."

रंगाचं औषध घातलं की जिथे बोरॉन आहे तिथे पिवळा रंग चढतो. जितकं बोरॉन जास्त तितका पिवळा गडद. लगेच होत नाही, वाट बघावी लागते. आत्याही दारात येऊन उभी राहिली आणि बाईंनी पहिल्यांदाच तिला हटकलं नाही.

पहिल्या नळीत पिवळेपणा आला, हळूहळू वाढला, हळदीच्या पाण्यासारखा झाला. तिसऱ्या नळीतही आला. दुसरी आणि चौथी जवळजवळ पाण्यासारख्याच राहिल्या. दुसरीत काही होतं की नव्हतं, नजर रोखून बघितलं तर होतं असं वाटायचं.

 दोन फिकट नळ्या. एक कोरी असणारच. दुसरी? तिने मनातल्या मनात ती दहादा आत्याच्या बागेची ठरवली आणि दहादा स्वतःला गप्प केलं. कारण ती पलीकडच्या निरोगी बागेची निघाली तर औषधातच घोळ झाला असं ठरलं असतं, आणि घोळ निस्तरायला वेळ उरला नव्हता.

"यंत्रात बघ आधी," बाई म्हणाल्या.

तिने एकेक नळी यंत्रात धरून आकडे मोठ्याने वाचले. पहिलीचा भरपूर. दुसरीचा अगदी थोडका, असायला हवा त्याच्या पावपट. तिसरीचा भरपूर. चौथीचा शून्य.

बाईंनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला, आणि एवढा वेळ घेतला की आत्याने दारातून "वाचता येतं ना?" असं विचारलं.

"चौथी कोरी," बाई म्हणाल्या. "पहिली निरोगी बागेची. तिसरी तुमच्या बागेतलं जुनं पान." मग त्यांनी चष्मा काढला. "दुसरी तुमच्या बागेतलं नवं पान. झाड उपाशी आहे हो. आजारी नाही."

शेंडेफळाने आत्याला मिठी मारली. आत्याला मिठीची सवय नव्हती. ती ताठ उभी राहिली आणि मग तिनेच भाचीला असं आवळलं की प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाचं एक बटण तुटून टेबलाखाली गेलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण काचेत त्यांचं हसू दिसत होतं.

"पण मग जुन्या पानात भरपूर कसं?" आत्याने नाक ओढत विचारलं. "झाड एकच ना?"

"बोरॉन एकदा ज्या पानात जातं तिथेच ठाण मांडून बसतं. जुन्या पानातून उठून नव्याकडे जात नाही. तू टाकलेला चुना पुरता मुरायच्या आधी जमिनीतून मिळत होतं, ते त्या पानांनी घेतलं. मग चुना एवढा मुरला की मुळांना बोरॉन उचलता येईना. नव्या पानांना काही मिळालंच नाही."

 "म्हणजे थोरल्यांनी पोटभर घेतलं," आत्या हळूच म्हणाली, "आणि शेंड्याला कोमट पाणी."

तिने भाचीकडे बघितलं नाही. बटण शोधायला वाकली.

तपासनीस संध्याकाळी स्वतः आला. त्याने आकडे पाहिले, पानाचा तुकडा खिडकीशी उजेडात धरला आणि कपाळावर हात मारून घेतला. सकाळी येणारं मशीन रद्द केलं. पण शेजाऱ्यांना काय सांगू, म्हणाला. उपाय करा, आणि नवं पान कसं उघडतं ते मी येऊन बघणार. नितळ आलं तर माझं काही म्हणणं नाही. वाकडं आलं तर मात्र बाग उपटायची. हे रास्तच होतं.

बोरॉनचं औषध शेंडेफळाने स्वतः तराजूवर तोललं. आत्याला पुड्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, कारण बोरॉन कमी पडलं तर झाड वाकतं आणि जास्त झालं तर पानं करपतात, आणि आत्याचा हात सगळ्यांना माहीत होता. बाग उपटायला मदत लागेल म्हणून थोरला आणि मधला परगावाहून आले होते. त्यांच्या पाठीवर आता फवारणीचे पंप चढले. शेंडेफळ पुढे, हे दोघे मागे, आणि ती सांगेल तिथेच आणि सांगेल तेवढंच. थोरल्याने एकदा आपलं डोकं चालवून बघितलं. आत्याने त्याला असं झापलं की पलीकडच्या बागेतले लोक काम सोडून बघायला लागले.

मग वाट बघणं. आत्या रोज स्टूल घेऊन बागेत जायची आणि पोंग्याशी बोलायची. काय बोलायची ते कुणाला कळलं नाही, पण आवाजावरून तरी ती विनवण्या करत नसावी.

तपासनीस आला त्या सकाळी पहिल्याच झाडाचा पोंगा उलगडला होता. पान रुंद, अखंड, कडा सरळ. स्टुलावर चढून त्याने ते उजेडात धरलं. एकही रेघ नव्हती. मग पुढचं झाड, त्याच्या पुढचं. कुठे पान पूर्ण उघडलं होतं, कुठे अर्धं, पण जिथे उघडलं होतं तिथे ते नितळ होतं. बरीच झाडं बघून झाल्यावर तो खाली उतरला आणि म्हणाला, "काकू, बाग तुमची. आता घड मोजायला बोलवा."

आत्याने डोळे पुसले, ते लपवलेही नाहीत. मग तिला एकदम आठवलं की साहेबाला घरच्यांची ओळख करून दिलेली नाही. तिघंही बांधावर उभे होते. थोरला पुढे, मधला त्याच्या बाजूला, आणि सवयीने थोडी मागे शेंडेफळ. थोरला घसा खाकरून एक पाऊल पुढे आला.

आत्याने त्याला हाताने बाजूला केलं आणि भाचीला दंडाला धरून पुढे ओढलं.

"ही आमची पहिली," ती म्हणाली. "मग तो मधला. आणि तो तिकडे तिसरा."

"आई, थोरला मी आहे," थोरला म्हणाला.

"असशील. पण मोजायचं शेंड्याकडून."

तपासनीस हसला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी आत्याने आधी तिला काढून दिलं. ते इतकं कढत होतं की तिला बोटही बुडवता येईना. विसाणाच्या गार पाण्याची बादली शेजारीच होती. तिने ती घेतली नाही, आणि बाहेरून मधला दार वाजवत असताना पाणी आपोआप निवेपर्यंत निवांत बसून राहिली.